शहरातील माकडे बदलली, की बदलू शकणारीच शहरात टिकली?

पारंबी

‘माकडांनी शहराशी जुळवून घेतले’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, हे लक्षातच येत नाही. पहिली शक्यता अशी की जंगलात वाढलेले एखादे माकड शहरात आल्यावर नवे वागणे शिकते, म्हणजे प्राणी तोच राहतो आणि सवयी बदलतात. दुसरी शक्यता अशी की प्रत्येक टोळीत काही माकडे उपजतच धीट आणि काही बुजरी असतात. बुजरी शहराच्या कडेवरूनच मागे फिरतात, धीट तेवढी आत शिरतात, आणि आपण फक्त त्या धीट माकडांकडे पाहून ‘सगळी माकडे बदलली’ असा निष्कर्ष काढतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. वागणे शिकलेले असेल, तर शिकवणारी परिस्थिती बदलल्यावर तेही बदलायला हवे. निवड होऊन धीट माकडेच उरली असतील, तर परिस्थिती बदलूनही फारसा उपयोग होणार नाही. ज्यांनी शहरी माकडे जवळून पाहिली आहेत किंवा या विषयावर काही वाचले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. केवळ उपद्रवाचा पाढा वाचला जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

गच्चीवरून

पाढा न वाचता लिहितो, परंतु माझे निरीक्षण उपद्रवातूनच आलेले आहे, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या इमारतीत येणाऱ्या टोळीतील एक प्रौढ मादी सरकत्या खिडकीशी कशी वागते, ते मी पुष्कळदा पाहिले आहे. ती काचेवर धडका देत बसत नाही. चौकट आणि तावदान यांच्यामधील फटीत ती आधी बोटांची टोके घालून चाचपते, मग खालच्या कोपऱ्याशी बसून दोन्ही तळवे काचेवर सपाट टेकवते आणि अंगाचा भार एका बाजूला टाकते. खिडकी थोडी सरकली की ती थांबते, आत डोकावते, कानोसा घेते आणि मगच हात घालते. कडी लावलेली असेल तर ते तिला पहिल्याच दाबाला कळते आणि ती मुकाट्याने पुढच्या खिडकीकडे वळते. तिची पिल्ले कठड्यावर बसून हे सारे पाहत असतात, पण खिडकीला हात लावण्याची वेळ आली की ती काच नखांनी ओरबाडत राहतात. त्यांना फट सापडत नाही.

पिशव्यांच्या बाबतीतही असाच अनुभव आहे. रिकाम्या हाताने जाणाऱ्या माणसाकडे ही टोळी ढुंकूनही पाहत नाही. हातातील पिशवीचा चुरचुर आवाज झाला की मात्र पाठ करून बसलेले माकडही मान वळवते. हे जन्मजात असेल, असे मला वाटत नाही.

तर्कट

गच्चीवरून यांचे निरीक्षण उत्तम आहे, परंतु त्यावरून कोणी माकडांच्या ‘अफाट बुद्धिमत्तेचे’ गोडवे गाऊ नयेत, म्हणून आधीच हरकत नोंदवून ठेवतो. एखादी कृती केली, खायला मिळाले, म्हणून ती पुन्हा केली, एवढ्या साध्या साखळीतून हे सर्व घडू शकते. पिशवीच्या आवाजानंतर खाद्य मिळते हे कळायला फार मोठा मेंदू लागत नाही. कावळा, कुत्रा आणि उंदीरही हेच करतात.

रानवाट

चर्चा पुढे जाण्याआधी आपण कोणत्या माकडाविषयी बोलत आहोत ते स्पष्ट असावे, कारण सर्वच माकडांना शहर सारखे मानवत नाही. १९८९ मध्ये ॲलिसन रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मकाक कुळातील काही जातींना ‘तणासारख्या’ जाती म्हटले होते. माणसाने जमीन उलथीपालथी केली की तण जसे फोफावते, तशा या जाती माणसाच्या आसपास फोफावतात, असा त्याचा अर्थ. त्यांत ऱ्हिसस (उत्तर भारतातील लाल तोंडाचे माकड), लांब शेपटीचे माकड, दक्षिण भारतातील टोपी माकड आणि श्रीलंकेतील ‘टोक’ नावाचे माकड यांचा समावेश होता. म्हणजे शहराला साजेसे गुण या जातींमध्ये शहर येण्याच्या पुष्कळ आधीपासून होते.

त्यातील एक गुण अगदी शारीरिक आहे. मकाक माकडांच्या गालांत आतून पिशव्या असतात. हाती लागलेले खाद्य ते न चावता तिथे कोंबतात, पळून सुरक्षित जागी जातात आणि मग बाहेरून गालावर हात दाबत थोडे थोडे तोंडात घेऊन सावकाश खातात. स्वयंपाकघरात काही क्षणच मिळणार असतील, तर याहून सोयीचा अवयव कोणता? काळ्या तोंडाच्या वानराला अशा गालपिशव्या नसतात. त्याचे जठर कप्प्याकप्प्यांचे असून त्यातील जिवाणू पाने आंबवून पचवतात. त्याची भूक मुख्यतः झाडपाल्याची असल्यामुळे ते शहरातही झाडांशी अधिक बांधलेले राहते. अर्थात जोधपूरच्या परिसरातील वानर माणसांनी दिलेल्या खाद्यावर पिढ्यानपिढ्या वाढत आलेले आहेत, तेव्हा हा नियम काटेकोर मानू नये.

हुप्प्या

गालपिशव्यांची सोय केवळ मकाकांनाच आहे, हे विधान मला मान्य नाही. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या आमच्या एका नातेवाइकांवर कोणीतरी संशोधन करावे.

काचकवडी

तर्कटराव, साध्या साखळीने किती समजावता येते ते पाहायचे असेल, तर इंडोनेशियातील बाली बेटावरील उलुवाटू मंदिराचे उदाहरण घ्यावे लागेल. तेथील लांब शेपटीची माकडे पर्यटकांचे चष्मे, टोप्या, पादत्राणे आणि मोबाइल पळवतात. ती वस्तू त्यांना खायची नसते. ती हातात धरून माकडे बसून राहतात आणि कोणी खाद्य पुढे केले की वस्तू सोडतात.

लीएज विद्यापीठातील फॅनी ब्रॉटकॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की तेथील सर्व टोळ्या हे सारख्या प्रमाणात करत नाहीत. ज्या टोळ्या पर्यटकांच्या सान्निध्यात अधिक वेळ असतात आणि ज्यांच्यात तरुण नर अधिक आहेत, त्यांच्यात ही खोड जास्त दिसते. त्यानंतर २०२१ मध्ये कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाच्या झाँ-बाप्तिस्त लेका यांच्या गटाने आणखी पुढची गोष्ट मांडली. माणसाला कोणती वस्तू अधिक मोलाची वाटते हे प्रौढ माकडांना कळते. ती मोबाइल आणि चष्म्यासारख्या वस्तू निवडून पळवतात, आणि अशा वस्तूच्या बदल्यात मिळालेले पहिले खाद्य नाकारून अधिक किंवा अधिक आवडते खाद्य मिळेपर्यंत अडून बसतात. लहान माकडे मात्र जे हाती येईल ते उचलतात. त्यांना भाव कळत नाही.

हुप्प्या

माकडाच्या हाती कोलीत देऊ नये असे वाडवडील सांगत आले. मोबाइलविषयी सांगायचे तेवढे त्यांच्याकडून राहून गेले.

तर्कट

काचकवडी यांनी दिलेले उदाहरण माझ्या म्हणण्याला बळकटीच देते. लहान माकडांना जमत नाही आणि प्रौढांना जमते, याचा अर्थ ते कसब काही वर्षांच्या चुकतमाकत केलेल्या सरावातून येते. गच्चीवरून यांच्या खिडकीवरील पिल्लांचेही तसेच आहे. म्हणजे पारंबी यांच्या दोन शक्यतांपैकी पहिली, शिकण्याची, बरोबर ठरते. मात्र ‘वस्तूचे मोल कळते’ असे म्हणताना मी थोडा जपून राहीन. मोबाइल पळवल्यावर माणूस अधिक आरडाओरडा करतो आणि अधिक खाद्य देतो, एवढेच माकडाला कळत असावे.

काचकवडी

एखाद्या वस्तूपायी समोरचा किती अस्वस्थ होतो त्यावरून तिचा भाव ठरवणे, यालाच तर बाजारात मोल कळणे म्हणतात. असो, यावर आपले एकमत होणार नाही.

नवखा

माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. माकडे मुलांवर आणि एकट्या चालणाऱ्या व्यक्तींवरच अधिक धावून जातात, असे मी पाहिले आहे. त्यांना माणसाचा चेहरा वाचता येतो का? आणि दात दाखवणारे माकड हसत असते की चिडलेले असते?

रानवाट

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची बाब कदाचित हीच आहे, कारण शहरी माकडाच्या दृष्टीने शहरातील सर्वांत मोठा धोका आणि खाद्याचा सर्वांत मोठा साठा या दोन्ही गोष्टी म्हणजे माणूस.

पोर्तो रिकोजवळील कायो सँटियागो या बेटावर १९३८ पासून ऱ्हिसस माकडांची वसाहत आहे. तेथे फ्लॉम्बॉम आणि सँटोस यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन माणसे द्राक्षे घेऊन उभी राहत. एकाची नजर माकडाकडे असे, दुसऱ्याची नसे. माकडे ज्याची नजर आपल्याकडे नाही त्याच्याकडूनच द्राक्षे पळवत. तोंड समोर असूनही फक्त डोळे दुसरीकडे वळवले, तरी त्यांना ते कळत असे. तेव्हा नजर वाचणे ही मकाकांची जुनीच क्षमता आहे आणि शहर तिला रोजचे काम पुरवते.

याच्या नेमके उलट, चोरीऐवजी मागणी करण्याचे उदाहरणही आहे. अनिंद्य सिन्हा आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातील बंदीपूरमधील टोपी माकडांविषयी २०१८ मध्ये लिहिले आहे. ती माकडे माणसाच्या हातात खाद्य दिसले की एक विशिष्ट मंद ‘कू’ आवाज काढत हात पुढे करतात, माणसाचे लक्ष आपल्याकडे आहे ना हे पाहत राहतात आणि खाद्य मिळाले की थांबतात. हाच आवाज ती एरवी आपापसांत निराळ्या प्रसंगी काढतात. जुनेच साधन त्यांनी माणसासाठी वापरात आणले. बंदीपूर हे शहर नव्हे, तो राष्ट्रीय उद्यानातून जाणारा वर्दळीचा पट्टा आहे, परंतु माणसाशी व्यवहार करण्याची कला पहिल्यांदा अशाच काठावर रुजत असणार.

वैद्यबुवा

नवखा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. दात विचकणे म्हणजे हसणे नव्हे. संदर्भानुसार ती भीती, शरणागती किंवा ताण असू शकतो, आणि तोंड उघडून रोखून पाहणे तर सरळसरळ धमकी असते. लिंकन विद्यापीठातील लेतिसिया मारेशाल यांच्या गटाने २०१७ मध्ये बार्बरी मकाकांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे लोकांना दाखवली, तेव्हा माकडांचा अनुभव नसलेल्यांनी आक्रमक चेहऱ्यांनाही मैत्रीचे समजण्याची गल्लत केली. माकडे आपल्याला बऱ्यापैकी वाचतात आणि आपण त्यांना चुकीचे वाचतो, अशी ही विषम परिस्थिती आहे.

वैद्यकीय बाजूही सांगून ठेवतो, कारण अशा चर्चांत ती नेहमी मागे पडते. माकड चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. रेबीजचा धोका असतोच. शिवाय मकाकांमध्ये हर्पिस गटातील ‘बी’ विषाणू असतो. माणसाला तो क्वचितच होतो, पण झाल्यास मेंदूवर आघात करतो. हाँगकाँगमध्ये २०२४ साली अशी लागण झालेला रुग्ण आढळला होता आणि त्याचा त्यापूर्वी तेथील जंगली माकडांशी संपर्क आला होता.

नकाशा

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोड्या वेगळ्या बाजूने पाहते. आपण सगळे माणूस आणि खाद्य यांवर बोलत आहोत. माकडाला शहरात त्याशिवाय झोपायला उंच जागा, पाणी, सावली आणि एका हिरव्या तुकड्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट लागते. उंच इमारतींचे कठडे आणि पाण्याच्या टाक्या रात्रीच्या मुक्कामाला सोयीच्या ठरतात, कारण तेथवर कुत्रा पोहोचत नाही. वाटेच्या बाबतीत मात्र शहर दगा देते. फांदी समजून धरलेली विजेची तार अनेक माकडांचा जीव घेते, आणि झाडावरच राहणाऱ्या जातींना रस्ता ओलांडणे अक्षरशः जिवावरचे असते. केनियातील दियानी येथे कोलोबस माकडांसाठी रस्त्यावरून दोरांचे पूल टांगलेले आहेत. मलेशियातील पेनांगमध्ये २०१९ साली निकामी झालेल्या अग्निशमन नळांपासून असाच पूल करण्यात आला आणि तेथील वानर त्यावरून ये-जा करू लागले. येथे जुळवून घेण्याचे पहिले पाऊल माणसाने टाकले, हे मुद्दाम नोंदवते.

आणि आवाजाचे काय? ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथील उद्यानातील मार्मोसेट माकडांवरील २०११ मधील अभ्यासात असे दिसले की गोंगाटाच्या जागा ती टाळतात, तिथे खाद्य असले तरीही. मनाउस शहरातील दुरंगी टॅमरिन माकडांविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याहून रंजक आहे. गोंगाट वाढला की ही माकडे गंधाच्या खुणा अधिक प्रमाणात सोडतात. हाक ऐकू जात नसेल तर वासाने निरोप ठेवायचा. तिथे ना चोरी आहे ना भीक, आणि तरीही हा शहराशी जुळवून घेण्याचाच प्रकार आहे. हे टॅमरिन मुळात शहरात आलेलेच नाहीत, बरे का. त्यांचा अधिवास अतिशय लहान आहे आणि शहर त्यावर पसरत गेले.

पारंबी

नकाशाताई, शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. माझ्या मूळ मांडणीत मी माकडे शहराकडे ‘आली’ असे गृहीत धरले होते. ज्यांच्यावर शहरच येऊन आदळले त्यांच्यात धीट-बुजरे अशी निवड काठावर होण्याचा प्रश्नच उरत नाही. जे आहेत त्यांनी तरायचे किंवा मरायचे.

आणखी एक गोष्ट मला मांडायची आहे. आयते खाद्य मिळते म्हणजे माकडांची चैन आहे, असा आपला समज असतो. सिमल्यातील ऱ्हिसस माकडांवर स्टेफानो काबुरू आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की जी माकडे माणसांशी अधिक व्यवहार करतात, त्यांना विश्रांतीसाठी आणि एकमेकांचे अंग वेचण्यासाठी कमी वेळ उरतो. अंग वेचणे म्हणजे केवळ उवा-किडे काढणे नव्हे, टोळीतील नाती त्यावर टिकतात. माणसावर डोळा ठेवणे हे पूर्ण वेळेचे काम आहे आणि त्या वेळेची किंमत माकड आपल्या गोतावळ्यातून मोजते. मोरोक्कोतील बार्बरी मकाकांविषयीच्या २०१६ मधील अभ्यासातही पर्यटक ज्यांना खाऊ घालतात ती माकडे आकाराने मोठी, परंतु केस गळालेली आणि अधिक ताणाखाली असलेली आढळली.

गच्चीवरून

माकडांना मोजाव्या लागणाऱ्या किमतीविषयी मला सहानुभूती आहे, परंतु किंमत फक्त तीच मोजतात असे चित्र उभे राहू नये. आमच्या इमारतीतील वृद्ध रहिवाशांनी गच्चीवर जाणे सोडले आहे. दिल्लीचे उपमहापौर एस. एस. बाजवा यांचा २००७ मध्ये माकडांच्या हल्ल्यात गच्चीवरून पडून मृत्यू झाला होता, हे विसरून कसे चालेल? एवढे सगळे वाचल्यावर माझा सरळ प्रश्न आहे की त्यांना पकडून जंगलात नेऊन सोडण्यात अडचण काय आहे?

रानवाट

आपली तक्रार रास्त आहे. अडचण अशी की माकड हलवले तरी त्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच जाते. खिडकी उघडू शकणारी मादी जंगलाच्या कडेला सोडली, तर ती सर्वांत जवळची खिडकी शोधते, आणि तिच्या रिकाम्या झालेल्या जागी शेजारची टोळी पसरते. शहरातील खाद्य तसेच उघडे असते ना! दिल्लीत उच्च न्यायालयाच्या २००७ मधील आदेशानंतर हजारो माकडे असोला भाटी अभयारण्यात हलवली गेली, तरी शहरातील माकडांचा प्रश्न मिटला नाही. पूर्वी तेथे ऱ्हिससांना पिटाळण्यासाठी पाळीव वानर फिरवले जात. वन्यजीव कायद्यानुसार ते गैर असल्यामुळे ही प्रथा बंद पडली आणि वानराचा आवाज काढणारी माणसे नेमण्यात आली. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी तर वानरांचे कटआउट उभारले होते. जो प्राणी माणसाच्या डोळ्यांची दिशा ओळखतो, तो न हलणाऱ्या पुठ्ठ्याला किती दिवस भिणार?

थायलंडमधील लोपबुरी शहराचे उदाहरणही बोलके आहे. मार्च २०२० मध्ये पर्यटक आटले तेव्हा खाद्यासाठी भर रस्त्यात माकडांच्या झुंडी एकमेकींवर तुटून पडल्या. पुढे २०२४ मध्ये प्रशासनाने माकडे पकडण्याची मोठी मोहीम काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे २०० माकडे पिंजरा तोडून पसार झाली आणि तेथील पोलीस ठाण्यात घुसली.

हुप्प्या

यावरून माकडांनी नागरी जीवन पूर्णपणे आत्मसात केले, हे सिद्ध होते. अन्याय झाला की आधी पोलीस ठाणे गाठायचे, हे त्यांना कोणीही शिकवले नव्हते.

तर्कट

हुप्प्या यांचा विनोद बाजूला ठेवून मुद्द्यावर येतो. साखळी खाद्यातून बनते, असे मी सुरुवातीला म्हटले होते. मग उपायही तिथेच हवा. हाँगकाँगमध्ये काही वनोद्यानांत माकडांना खाऊ घालण्यास १९९९ पासून बंदी आहे. २००७ पासून गर्भनिरोधाचा कार्यक्रम चालू आहे, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून खाऊ घालण्याचा कमाल दंड १०,००० वरून १,००,००० हाँगकाँग डॉलरवर नेण्यात आला आहे. माकडांना शिक्षा करून काही साधत नाही, कारण ती आपल्याच वागण्याचा पडसाद असतात. भूतदयेपोटी एकाने खाऊ घालायचे आणि त्याचा भुर्दंड शेजाऱ्याने भरायचा, हे थांबवायला हवे. एका केळ्याचे काही वाटत नाही, पण माकड सोकावते.

गच्चीवरून

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हा भूतदयेचा कार्यक्रम रोज सकाळी चालतो, हे खेदाने सांगतो. मात्र बंदी लागू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत उपद्रव वाढतो, कमी होत नाही, असा माझा कयास आहे. आजवर मिळत आलेले अचानक मिळेनासे झाले की माणूसही आधी दार जोरात वाजवतो.

तर्कट

आपला कयास बरोबर आहे. बक्षीस बंद झाल्यावर ती कृती विझण्याआधी काही काळ उसळून येते, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये पुष्कळदा दिसलेले आहे. म्हणूनच अधूनमधून ढिली पडणारी बंदी सर्वांत वाईट. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशा खाद्याची आशा प्राणी सर्वांत चिवटपणे धरून ठेवतो.

नवखा

या सगळ्यात पारंबीताईंचा मूळ प्रश्न मागे पडला, असे वाटते. शिकली की निवडली गेली?

काचकवडी

नवखा यांनी गाडी रुळावर आणली, हे बरे झाले. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या बबून माकडांवरील काम या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडते, असे माझे मत आहे. गाएल फेलमान, अँड्र्यू किंग आणि सहकाऱ्यांनी नर बबूनांच्या गळ्यात स्थान आणि हालचाल नोंदवणारे पट्टे बसवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार हे नर दिवसाचा बराच वेळ शहराच्या कडेवरील झाडीत, जिथे खायला फारसे काही नसते तिथे, जवळजवळ काहीच न करता बसून असत. हाकलणाऱ्या रखवालदारांना चुकवण्याची संधी मिळाली की ते शहरात थोड्या वेळासाठी अत्यंत वेगाने मुसंडी मारत आणि भरपूर कसदार खाद्य मिळवून परतत.

म्हणजे एकच नर, एकाच दिवसात, झाडीत संथ आणि वस्तीत चपळ. प्राणी दोन वेगळे नाहीत, वागण्याचे दोन प्रकार एकाच अंगात आहेत. केवळ निवडीने याचा उलगडा होत नाही.

रानवाट

त्याच परिसरातील बबूनांच्या टोळीवर २०२२ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो येथे जोडतो. शहरी भागात टोळीची एकजूट सैल होते, माकडे विखुरतात, पण कोण पुढे जातो आणि कोण त्याच्यामागे जातो, हा क्रम बदलत नाही. वागण्याचा एक थर शहराप्रमाणे बदलतो आणि दुसरा तसाच राहतो. म्हणून ‘माकडे बदलली का’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळणे कठीण आहे.

तरीही निवडीला मी पूर्णपणे निकालात काढणार नाही. मकाकांमध्ये माद्या जन्मलेल्या टोळीतच राहतात आणि नर वयात आल्यावर बाहेर पडतात. अनोळखी मुलुखातून एकट्याने जाणारा हा तरुण नर तसाही धोका पत्करणाराच असतो, आणि वस्तीत पहिल्यांदा दिसणारे एकटे माकड पुष्कळदा तोच असतो. वाट धीट नर उघडतो आणि तिचा राजमार्ग माद्या करतात, कारण पिल्ले त्यांच्याजवळ वाढतात. लोपबुरीतील माकडे माणसाचे केस उपटून त्यांनी दात कोरतात, हे अनेकांनी वाचले असेल. पिल्लू पाहत असताना माद्या तीच कृती अधिक वेळ आणि पुन्हा पुन्हा करतात, असे नोबुओ मासाताका यांच्या गटाने २००९ मध्ये नोंदवले आहे. याला शिकवणे म्हणावे की नाही यावर तर्कटराव हरकत घेतीलच.

तर्कट

हरकत घेतो. पिल्लू जवळ असल्यामुळे आईची कृती अडखळत आणि म्हणून लांबत असेल, हेही शक्य आहे. परंतु पिल्लाला अधिक पाहायला मिळते, हा परिणाम दोन्ही बाजूंनी सारखाच होतो, एवढे मान्य करतो.

पारंबी

सर्वांचे प्रतिसाद वाचल्यावर माझ्या प्रश्नातच एक शक्यता सुटली होती, असे दिसते. शहरात जन्मलेली माकडे जंगल सोडून आलेलीच नाहीत. ज्या मादीची आई आणि आजीही गच्चीवर वाढली, तिला खिडकीची फट ही झाडाच्या ढोलीइतकीच मूळची आहे. तिच्या बाबतीत ‘जुळवून घेणे’ हे क्रियापद लावताना मी यापुढे थबकेन. पण मग काचकवडी यांच्या बबूनांप्रमाणे दोन्हीकडे वावरणाऱ्या माकडांची आणि फक्त शहरातच वाढलेल्यांची तुलना कशी करावी?

रानवाट

तरुण नरांच्या मागावर राहून करता येईल. शहरी टोळीत जन्मलेला नर वयात येऊन जंगलातील टोळीत गेला, आणि जंगलातील नर शहरी टोळीत आला, तर दोघांचे वागणे टोळी बदलण्याआधी आणि नंतर मोजावे. शहरात वाढलेला नर जंगलात गेल्यावर महिन्याभरात फळे-पाने शोधू लागला, तर शिकण्याचे पारडे जड. तो पुन्हा पुन्हा वस्तीच्या कडेलाच येऊन बसू लागला, तर बालपणीच्या सवयीचे. आणि जंगलातून बाहेर पडणाऱ्या नरांपैकी आधीपासून धीट असलेलेच शहरी टोळीत शिरले, तर पारंबीताईंची दुसरी शक्यता खरी. त्यासाठी केपटाउनमध्ये वापरले तसे पट्टे वयात येणाऱ्या प्रत्येक नराच्या गळ्यात आधीच बांधावे लागतील.

हुप्प्या

योजना उत्तम आहे आणि माझा तिला सक्रिय पाठिंबा आहे. फक्त मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हे उंदरांच्या सभेत अजून ठरलेले नाही, आणि येथे तर मांजर चष्मा ओलीस ठेवते. गच्चीवरून यांचे नाव मी सुचवतो, कारण टोळीशी त्यांची ओळख जुनी आहे.